डाव्या चाकांची हवा

उन्हाळा लागला की आमच्या वाळूतली सगळी माणसं खाली खजुराच्या बागांकडे जातात. तीन महिने सावली, पाटाचं पाणी, सोयरिकी आणि भांडणं. यंदा आम्ही तेवढे मागे राहिलो. उंटिणी कुणाच्या हवाली कराव्यात तर कुणी उरलंच नव्हतं, आणि दर उन्हाळ्यात त्या ज्या विहिरीवर दिवस काढायच्या तिचं पाणी थंडी सरता सरता खारट झालं. माझी सासू रय्या ही माझी सख्खी आत्याच. तिने त्या पाण्याची चूळ भरली, थुंकली आणि म्हणाली, "गबशा, हे जनावराला पाजलंस तर पाप तुझ्या माथी."

तेव्हापासून गावच्या नळाचं पाणी. आमच्या तळापासून अडीच तास वाळू, मग गोट्यांचं माळरान, मग डांबरी रस्ता, मग गाव. पिकअपच्या पाठीवर हजार लिटरची टाकी. एक दिवस फेरी, एक दिवस विसावा, पुन्हा फेरी. वाळूत गाडी मीही चालवते, वीस वर्षं चालवतेय. पण माझ्याकडे परवाना नाही, म्हणून डांबर आलं की मी बाजूला सरकते. आणि नवरा गाडीत असेल तर स्टिअरिंग त्याच्याच हातात, वाळू असो की डांबर. मुसल्लम शेजारी बसलाय आणि मी गाडी हाकतेय, असं कुणी पाहिलं असतं तर ती बातमी आमच्याआधी बागांत पोचली असती.

वाळू संपते तिथे थांबून चाकांत हवा भरायची, कारण मऊ चाक गोट्यांवर फाटतं. परतताना तिथेच थांबून हवा सोडायची, कारण टणक चाक वाळूत रुततं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. किती सोडायची, ते मात्र ज्याच्या त्याच्या घरचं. मुसल्लमचा चुलतभाऊ धियाब काटा लावून आकडा वाचतो. कुणी टायरच्या पोटात अंगठा रोवून बघतं. मुसल्लमच्या घरात हवा नावांनी मोजतात. घाफच्या झाडाची काडी मोडायची, चाकाच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी दाबून धरायची म्हणजे हवा सुटते, आणि कळपातल्या उंटिणींची नावं घ्यायची, आईच्या नावासकट, न घाई न रेंगाळ. सम्हा, शाहीनाची लेक. बर्का, सम्हाची लेक. चौदा नावं संपली की काडी काढायची. माझ्या सासऱ्याने पहिली गाडी आणली तेव्हाची ही पद्धत. कळपात चौदाच ठेवायच्या, वर झाल्या की विकायच्या, कमी झाल्या की त्यांच्याच पोरी भरून काढतील, असा त्याचा शिरस्ता होता, त्यामुळे मोजणी कधी बिघडली नाही.

सलग तीन वर्षं पाऊस नाही, आणि पोरींनी काही भरून काढलं नाही. दोघींनी वाऱ्याने आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या खाल्ल्या आणि पोट फुगून गेल्या. चार विकल्या, चाऱ्यासाठी. एक खारट पाण्यावर खंगून मेली. आणि वसंतात मतरा गेली. मतरा म्हातारीच होती, पण मुसल्लमने तिला पोरगा असताना बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती मेल्यावर मुसल्लम बोलायचा बंद झाला असं नाही. "चहा" म्हणायचा, "दोरी धर" म्हणायचा. आमचा हमद मस्कतला फौजेत आहे. त्याचा फोन आला तर "बरं आहे" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचा.

आता सहा उरल्या होत्या. सहा उंटिणी, पंधरा शेळ्या आणि आम्ही तिघं.

हवा सोडताना गाडीच्या डाव्या बाजूची दोन चाकं तो घ्यायचा, उजवीकडची दोन मी. मधे गाडी, वर वाऱ्याचा आवाज, खाली हवेचा. एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही. हल्ली त्याचं माझ्याआधी उरकायचं. मी दुसऱ्या चाकाशी असायची आणि हा जाऊन बसलेला असायचा, इंजिन चालू करून. मला वाटलं, उन्हाला कंटाळलाय.

त्या सोमवारी आम्ही भरली टाकी घेऊन तांबड्या चढाला लागलो. तो एकच चढ असा आहे की त्याला वळसा घालायचा तर आणखी दीड तास जातो आणि पेट्रोल पुरत नाही. मुसल्लमने खालून वेग घेतला. अर्ध्यावर गेलो आणि मागचं चाक नाचायला लागलं.

चाक नाचतं म्हणजे काय, हे बसल्याशिवाय कळायचं नाही. ते फिरतं, रुततं, उसळतं, आपटतं, पुन्हा रुततं, आणि हे सगळं एका श्वासात चार वेळा. गाडीचं बूड उड्या मारतं. दातावर दात आपटतात, बरगड्या दुखतात, टाकीतलं पाणी मागून डोक्यात हाणल्यासारखं धडकतं. चाक नाचलं की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. काढला नाही तर एक्सल जातो. हे मला मुसल्लमनेच शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, गुडघ्यावर चापट मारून.

त्याचा पाय दाबलेलाच होता.

"पाय काढ," मी म्हटलं. "हमदच्या बा, पाय काढ!"

मी गुडघ्याला हात लावला तेव्हा त्याने काढला. गाडी मागे घसरत खाली आली. पुन्हा गेलो, पुन्हा नाचलं. वाळू हाताने उपसली, चाकांखाली जुन्या सतरंज्या घातल्या. वाळू इतकी तापली होती की कोपरापर्यंत कातडी लाल झाली. तिसऱ्या वेळी सतरंजीच फाटून मागे उडाली.

"हवा आणखी सोडू या का?" मी विचारलं.

"सोडलीय."

"मग?"

"ओझं जास्त आहे," तो म्हणाला आणि टाकीची तोटी उघडली.

अर्धी टाकी वाळूत गेली. मी ओंजळ धरून तोंड धुऊन घेतलं, आमच्या बायका तोंडावर बांधतात तो मुखवटा काढून. त्याने धुतलं नाही. उभा राहून तो पाण्याकडे बघत होता आणि मला त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, लाजसुद्धा नाही. मग आम्ही चढलो, धडपडत का होईना.

तळावर आत्याने टाकीवर बोटाच्या पेरांनी ठकठक केलं. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी जास्त.

"अर्धी?" ती म्हणाली. "उरलेलं काय वाटेत पाहुण्यांना पाजलंत?"

"चढावर सोडलं, आत्या."

"तुझा सासरा तीन पिंपं आणि एक बाळंतीण घेऊन त्या चढावरून आला होता. एकाच दमात." मग मुलाकडे तोंड वळवून, "ऐकतोस ना रे?"

"ऐकतोय," मुसल्लम म्हणाला.

त्याने उंटिणींना पाणी मोजून दिलं. पिऊन होण्याआधीच तो एकेकीचं तोंड तळहाताने बाजूला सारत होता. हदीया पुन्हा पुन्हा मान घालायची, तो पुन्हा पुन्हा सारायचा, ओरडायचा नाही. तिच्या ओठांचा ओला डाग त्याच्या सदऱ्यावर पडला आणि लगेच वाळला. धाकटी तय्यारा प्यायल्यावरही रिकाम्या घमेल्याशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धियाब आला. तोही एवढ्यासाठीच वाळूत थांबला होता की गुरुवारी सूर शहरातून लॉरी येऊन त्याचे नर उंट विकायला घेऊन जायची होती. मग तोही बागांकडे जाणार. कॉफीचे दोन घोट घेऊन तो म्हणाला, "तांबड्या चढावर कुणी जिने खोदलेत रे? मी म्हटलं, कुणी शहरातला पाहुणा वाट चुकला असेल. मग बघतो तर टायरची नक्षी आपल्याच माणसाची."

मुसल्लमने खजूर तोंडात टाकला.

"हा घे काटा," धियाबने खिशातून काढून चटईवर ठेवला. "माझ्याकडे दोन आहेत. नावंबिवं बापाच्या काळात ठीक होतं."

"घरात नळ आला म्हणून कुणी आईच्या दुधाला नावं ठेवत नाही," आत्या म्हणाली आणि काठीने काटा त्याच्याकडे सरकवला. "उचल."

धियाब हसला. उचलला त्याने. "लॉरीत जागा आहे, मुसल्लम. माझे तीनच नर. लॉरीवाल्याला मी सांगतो. भाव चांगला देतील, अजून अंगावर मांस आहे तोवर."

"पाणी आणतोय मी," मुसल्लम म्हणाला.

"अर्धं आणतोयस."

 धियाब वाईट माणूस नाही. खरं बोलणारा माणूस घरात आला की आपल्याला तो वाईट वाटतो, इतकंच. मला त्याला भरल्या कपासकट बाहेर काढावंसं वाटत होतं.

बुधवारी पहाटेच्या नमाजेनंतर आम्ही पुन्हा निघालो. मी गाडीत बसता बसता म्हटलं, "आज वाळूत मी घेते."

"मी मेलो का?"

इतक्या दिवसांत त्याने विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता, त्यामुळे मी दार ओढून घेतलं. गावात टाकी भरली. परतताना माळरानाच्या कडेला उतरलो, काड्या मोडल्या, तो त्याच्या चाकांशी, मी माझ्या. मी दुसऱ्या चाकावर दुसऱ्या नावाला होते तेव्हा त्याने दार लावून घेतलं. मी तसंच पुढे चौदापर्यंत म्हटलं आणि मग जाऊन बसले.

चढावर चाक सुरुवातीपासूनच नाचलं. मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली, मग दोन्ही हातांनी पाय ओढला. पाय लाकडासारखा ताठ होता. तो समोर काचेकडे बघत होता आणि गाडी जागच्या जागी उड्या मारत होती. खालून कट्ट आवाज आला. इंजिन मोकळंच ओरडलं. पुढची चाकं जरा वाळू उकरत राहिली, मग त्याने चावी फिरवली.

मी उतरले. खाली वाकून बघायची गरज नव्हती, मागचा एक्सल गेला होता. वाकून बघितलं ते मी वाळूवर. आमच्याकडे बाईलाही माग वाचता येतो. कुणाची शेळी, कुणाचं मूल, कोण लंगडतंय, ते सांगता येतं. पण रोज आपण ज्या गाडीत बसतो तिच्या मागे उतरून कोण बघतो?

उजव्या चाकाची वाट रुंद होती, हातभर, उथळ, कडा मऊ. डाव्या चाकाची अरुंद आणि खोल, आणि जिथे चाक नाचलं होतं तिथे ओळीने खड्डे, पायऱ्यांसारखे. दोन वेगळ्या गाड्या गेल्यासारख्या. मी दोन्ही बाजूंच्या टायरला अंगठा लावला. माझ्या टायरचं पोट दबलं. त्याच्या टायरचं दगडासारखं होतं.

"हमदच्या बा, खाली ये."

तो आला.

"हवा किती सोडलीस?"

"रोज सोडतो तेवढी."

"नावं घे बघू."

"आता कशाला?"

"घे."

त्याने घेतली. "सम्हा, शाहीनाची लेक. बर्का, सम्हाची लेक. हदीया, सम्हाची लेक. वद्हा. रमला. तय्यारा, वद्हाची लेक." आणि थांबला.

"पुढे?"

"संपली."

"फरहा कुठेय? गझाला? रीमा?"

"विकल्याच ना त्या. तूच दावं धरलं होतंस."

"मतरा?"

तो चाकाकडे बघत राहिला.

"अरे, हवा मोजायची आहे आपल्याला!" मी ओरडले. "हवेला काय कळतंय कोण मेलं नि कोण जगलं? मी चौदा म्हणतेय. पहिल्यापासून चौदाच म्हणतेय. तू सहा म्हणून उठतोस?"

"नाव घेतलं की ती यायची," तो म्हणाला. आवाजात रडं नव्हतं, काहीच नव्हतं. "कुठेही असली तरी मान वर करायची. आता नाव घेऊ आणि बघत बसू का?"

मला त्याचा राग आला, आणि राग ओसरल्यावर मागे काहीच उरलं नाही. मी काडी मोडली, त्याच्या मागच्या चाकाशी बसले आणि राहिलेली आठ नावं म्हणाले. एक्सल तुटलेल्या गाडीची हवा सोडण्यात काही अर्थ नव्हता. तरी सोडली. तो टाकीला पाठ लावून उभा होता, आणि मतराच्या नावाला त्याने मान फिरवली, दुसरीकडे.

आम्ही चालत तळावर गेलो, दोन कॅनं पाण्याची घेऊन. दुपारी धियाबने गाडी ओढून आणली आणि एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. टाकीतलं पाणी घमेल्यांत ओतलं, उंटिणी पोटभर प्यायल्या, आणि ते शेवटचं. मी टेकडावर जाऊन हमदला फोन लावला. तो म्हणाला, सुटा भाग मस्कतला मिळत नाही, मागवला तर दहा दिवस. मग म्हणाला, "आई, विकून टाका आता. मी इथे घर बघतो. आजीला लिफ्टची सवय होईल." मी म्हटलं, बरं. दहा दिवस. त्या उन्हात उंटीण पाण्यावाचून चार-पाच दिवस काढेल, दूध देणारी तेवढेही नाही. धियाबची गाडी उद्या बागांकडे जाणार, हिशोबाला बसायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी भात आणि सुकवलेला मासा खाल्ला. हात धुऊन झाल्यावर मुसल्लम धियाबला म्हणाला, "उद्या किती वाजता येते लॉरी?"

"नऊला."

आत्या उठून आत गेली.

लॉरी साडेदहाला आली. ड्रायव्हर जुमा नावाचा जाडा, घामाने भिजलेला माणूस होता आणि त्याला जायची घाई होती. उंटिणींना बसवून, गुडघे बांधून, पाठीवर पट्टे टाकून चढवायला तास गेला. सम्हा ओरडली, बाकीच्या तिच्यामुळे ओरडल्या. मुसल्लमने स्वतः एकेकीचा पाय बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. धियाबचे नर पुढे, आमच्या सहा मागे. आत्याने येऊन प्रत्येकीच्या मानेला हात लावला आणि मोजून परत गेली. आम्ही दोघं धियाबच्या गाडीत बसून लॉरीमागे निघालो, तांबड्या चढापर्यंत वाट दाखवायला.

आमच्या बाजूने तो चढ आखूड आहे, पण जास्त उभा. जुमाने थेट घातली. मध्यावर लॉरीची मागची चाकं नाचायला लागली. इतकं मोठं वाहन नाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. फळ्या करकरत होत्या, वर नऊ जनावरं एकमेकांवर आपटत होती, आणि जुमा आणखी आणखी पाय दाबत होता.

मुसल्लमने चालत्या गाडीचं दार उघडलं. किती महिन्यांत मी त्याला धावताना पाहिलं नव्हतं. वाळूत घोट्यापर्यंत बुडत तो धावत गेला आणि लॉरीच्या दारावर मुठी हाणायला लागला. "पाय काढ! पाय काढ, गाढवा!"

लॉरी थांबली, घसरत खाली आली. जुमाने काच खाली केली. "काय झालं?"

"उतर. हवा किती आहे?"

"वाळूत शिरताना सोडली होती की थोडी."

"ओझं नव्हतं तेव्हा. आता आहे."

"मग किती ठेवू? आकडा सांगा." धियाब खिशात हात घालून पुढे आला, पण मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने हात तसाच खिशात ठेवला.

 तिथे घाफचं एक खुरटं झाड होतं, त्याची काडी मोडून मुसल्लमने लॉरीच्या मागच्या डाव्या चाकाशी बैठक मारली. हवा फुसकारत सुटली. तो नावं घ्यायला लागला, आधी पुटपुटत, मग नेहमीच्या आवाजात, जसा तो पूर्वी पाणी पाजायला हाका मारायचा.

"सम्हा, शाहीनाची लेक."

वर फळ्यांमागून सम्हाने मान वळवली आणि खाली पाहिलं.

"बर्का, सम्हाची लेक. हदीया, सम्हाची लेक."

एकेक डोकं फळीवरून खाली आलं. गुडघे बांधलेले, पाठीवर पट्टे, पण माना मोकळ्या होत्या. वद्हा, रमला, तय्यारा. सहाही जणी त्याच्याकडे बघत होत्या, पाणी येणार म्हणून. मग तो थांबला. काडी दाबलेलीच होती, हवा सुटत होती. मी त्याच्या पाठीमागे उभी होते आणि माझ्या तोंडात पुढचं नाव तयार होतं, पण मी ते म्हटलं नाही.

"फरहा," तो म्हणाला, "रीमाची लेक."

कुणी मान वळवली नाही. गझाला. रीमा. शाहीना. प्रत्येक नावानंतर तो वर बघत होता, लॉरीकडे, नेमकं तेवढा वेळ जेवढा जिवंत उंटिणीला मान वळवायला लागतो. मतराच्या नावानंतर तो जरा जास्त वेळ बघत राहिला. लॉरीचं चाक मोठं, म्हणून एका चाकाला दोनदा. मागे चार चाकं, पुढे दोन. बारा वेळा त्याने चौदा नावं घेतली. जुमा आधी घड्याळ बघत होता, मग सावलीला जाऊन बसला. माना बाराही वेळा वळल्या, त्या सहा जणींच्या.

"आता जा," मुसल्लम उठून म्हणाला. "वेग घेऊ नकोस. एकसारखी घे. नाचलं तर पाय काढ."

जुमाने लॉरी घातली. मला चाक नाचायला हवं होतं. मनापासून हवं होतं, एक्सल तुटावा, लॉरी आडवी पडावी, उंटिणी सुटून तळाकडे पळाव्यात. त्यांना कुठून काय पाजणार होते मी, तो विचार माझ्या डोक्यात नव्हता. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चाकांकडे बघत होता, आणि त्याचा उजवा पाय वाळूत हळूहळू दाबला जात होता, बरोबर जेवढा हवा तेवढाच.

चाकं रुंद पसरली होती. ती एकदाही नाचली नाहीत.